वेबसाइटच्या कोटेशनमध्ये न दिसणारे पैसे

"चपलांच्या दुकानाची वेबसाइट करायची आहे, किती होतील?" एवढाच मेसेज तीन ठिकाणी पाठवला, तर उत्तरं १२,०००, ५५,००० आणि १,६०,००० अशी येतात. तिघांपैकी कुणी लुबाडतोय असं नसतं. पहिल्याने तयार साच्यातली पाच पानं धरलेली असतात: दुकानाचा फोटो, पत्ता, नकाशा, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. दुसऱ्याने माल मांडून पैसे घेता येतील असं ऑनलाइन दुकान धरलेलं असतं, पण फोटो आणि मजकूर तुम्ही द्याल या हिशोबाने. तिसऱ्याने फोटो, मजकूर, वेगळं डिझाइन आणि वर्षभराची देखभाल सगळं आत घेतलेलं असतं. हे तीन निरनिराळ्या वस्तूंचे भाव आहेत. मालक मात्र ते शेजारी शेजारी ठेवतो आणि सगळ्यात खालचा उचलतो.

आम्ही धंदेवाल्याच्या बाजूने बसून अशी अंदाजपत्रकं बसवतो. इथे कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपास असतं तसं एक दुकान हिशोबाला घेतलं आहे: ६० डिझाइन, महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात पाठवणी, मजकूर मराठी आणि इंग्रजी. रकमा आमच्या पाहण्यातल्या आणि जीएसटी सोडून आहेत. तुमच्याकडे आकडे पुढे-मागे होतील, पण कुठल्या रकान्यात जास्त पैसे जातात हे सहसा बदलत नाही. मुदत तीन वर्षांची धरायची. एकाच वर्षाचा हिशोब केला तर सुरुवातीच्या सवलतींमुळे तो उगाच गोंडस दिसतो.

कोटेशन मागवण्याआधी एक पानभर कागद लिहायचा. त्याला खर्च काही नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त पैसे त्यानेच वाचतात. वस्तू किती, प्रत्येकीचे नंबर किती, रंग किती, भाषा कोणत्या, पैसे साइटवरच घ्यायचे की फक्त चौकशी घ्यायची, फोटो कोण काढणार, मजकूर कोण लिहिणार, साइट सुरू झाल्यावर नवा माल कोण चढवणार. हे लिहायला बसलं की पहिली गोम कळते. ६० डिझाइन, प्रत्येकी ६ नंबर आणि २ रंग, म्हणजे साइटच्या लेखी ७२० नोंदी. प्रत्येक नोंदीला शिल्लक किती हा आकडा लागतो. ही एक्सेल शीट दुकानदाराने भरून दिली तर साइटवाला ती एका झटक्यात चढवतो; त्याने भरायची म्हटलं की कोटेशन वाढतं, आणि तरीही नंबर चुकतातच, कारण माल त्याने पाहिलेला नसतो.

त्याच कागदावर अजून एक ओळ हवी: ऑनलाइनचा माल वेगळा ठेवणार की काउंटरवरचाच विकणार? हाताने बनवलेल्या चपलेचे एका नंबरात दोन-तीनच जोड असतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं गिऱ्हाईक समोरून आठ नंबरचा शेवटचा जोड घेऊन जातं आणि त्याच संध्याकाळी नाशिकहून त्याच जोडाची पैसे भरलेली ऑर्डर येते. काउंटरचं बिलिंग साइटला जोडणं हा यावरचा महागडा उपाय. स्वस्त उपाय दोन आहेत: ऑनलाइनसाठी थोडा माल बाजूला काढून ठेवणे, किंवा 'ऑर्डरनंतर १० दिवसांत बनवून पाठवू' असं स्पष्ट लिहिणे. लहान दुकानाला दुसरा बरा पडतो. गिऱ्हाईक थांबतं, फक्त आधी सांगितलेलं असावं लागतं.

धंदा बदलला की हा कागदही बदलतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्याला) ऑनलाइन कार्टची गरजच नाही. तिथे येणारा खरेदी अधिकारी पाहतो ते एवढंच: कुठल्या ग्रेडचं कास्टिंग होतं (आयएस २१० प्रमाणे एफजी २६० की आयएस १८६५ प्रमाणे एसजी ५००/७), सर्वात लहान आणि मोठं वजन किती, महिन्याची क्षमता किती टन, मशीनची यादी, आयएसओ किंवा आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं) गुणवत्ता प्रमाणपत्र आहे का, आणि ड्रॉइंग जोडून चौकशी पाठवता येते का. आठ पानांत काम भागतं. खर्च जातो तो शॉपफ्लोअरच्या नीट फोटोंवर, आणि ते काढताना गिऱ्हाइकाचा पार्ट किंवा ड्रॉइंग फ्रेममध्ये येऊ द्यायचं नसतं, हे फोटोग्राफरला आधी सांगावं लागतं. हुपरीच्या चांदीवाल्याचं उलट. त्याच्या वस्तूला कायमचा भाव नाही. वजन गुणिले आजचा भाव अधिक मजुरी, असं गणित साइटने रोज करायला हवं. एवढी एक सोय तयार साच्यात नसली तर कोटेशनमध्ये दहा-पंधरा हजारांची भर पडते, आणि कागदावर लिहिलेली नसेल तर ती काम अर्धं झाल्यावर पडते. गुळाच्या साइटला १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक दाखवावा लागतो, आणि तिथे बजेट साइटने मोडत नाही, कुरिअरने मोडतं. पाच किलोची ढेप मुंबईला पाठवायचा खर्च ढेपेच्या किमतीच्या जवळ जातो.

आता कर. कोटेशनच्या आधी सीएला एक फोन करावा, कारण बाजारपेठेतली बरीच दुकानं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांना उलाढालीवर ठरावीक टक्क्याने कर भरायची सोय) आहेत. या योजनेतल्या दुकानदाराला राज्याबाहेर माल विकता येत नाही. निपाणी इथून तासाभरावर आहे, पण ती कर्नाटकात. कोल्हापुरातून पुण्याला चप्पल पाठवता येईल, निपाणीला नाही. म्हणजे साइट देशभर चालवायची तर आधी योजना बदलून नेहमीच्या नोंदणीत जावं लागतं, आणि मग दरमहा किंवा तिमाही रिटर्न भरण्याची सीएची फीसुद्धा साइटच्याच खात्यात धरायला हवी. एक बरं आहे: नेहमीच्या नोंदणीत गेलं की साइटवाल्याच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी परत वळता करून घेता येतो. ५५,००० च्या बिलावर ९,९०० होतात. पक्कं बिल, त्यावर तुमचा जीएसटी क्रमांक, हे पहिल्या हप्त्यापासून मागायचं.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, हा सगळ्यात लहान खर्च आणि सगळ्यात मोठा घोळ. डॉट इन वर्षाला ७०० च्या आसपास, डॉट कॉम १,२०० च्या आसपास. जाहिरातीत दिसणारा ९९ किंवा १९९ चा भाव पहिल्या वर्षापुरता असतो. बजेटमध्ये नूतनीकरणाचाच भाव लिहायचा. दोन्ही नावं घ्यावीत, मिळून १,९००. पण महत्त्वाचं आहे ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलं हे. "भावा, मी करून देतो की सगळं, तू कशाला त्रास घेतोस" असं म्हणून साइटवाला आपल्या खात्यातून नाव नोंदवतो, तेव्हा कायद्याच्या आणि कुलपाच्या दोन्ही अर्थांनी ते नाव त्याचं होतं. पुढे बिनसलं की ट्रान्सफरचा कोड त्याच्याकडेच मागावा लागतो. स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने खातं उघडायला पंधरा मिनिटं लागतात. नोंदणी झाल्यावर डॉट कॉम पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच जात नाही. डॉट कॉमला आधी काही दिवस नेहमीच्या भावात नूतनीकरण होतं, मग ३० दिवसांचा टप्पा येतो, त्यात सोडवून घ्यायला जबर दंड पडतो, आणि त्यापुढे ५ दिवसांनी नाव कुणालाही घ्यायला मोकळं होतं. ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी नोंदवलेली परवानगी लागते, आणि परदेशी कंपनीकडचं नूतनीकरण त्यात गुपचूप अडकतं. तीन वर्षांचे पैसे एकदम भरलेले बरे.

होस्टिंगचं, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर राहते त्याच्या भाड्याचं, तंत्र तेच. पहिल्या वर्षी महिना ४०० च्या भावाने वर्षाचे ४,८०० लागतात; नूतनीकरणाला तोच आकडा दुप्पट होतो, म्हणून पुढच्या वर्षांना ९,६०० धरले आहेत. सर्व्हर मुंबईतला मिळाला तर घ्यावा, आपल्या गिऱ्हाइकाला पान लवकर उघडतं. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनमध्ये जागा अमर्याद असते पण फाइलींच्या संख्येला मर्यादा असते, आणि एकेका फोटोचे साइट आपोआप पाच-सहा आकार बनवून ठेवते. ३०० फोटोंच्या दोन हजार फाइली होतात. रोजचा बॅकअप प्लॅनमध्ये आहे का, की वेगळे पैसे, हे विचारावं. एसएसएल सर्टिफिकेटचे, म्हणजे साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली देवघेव सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वर्षाला दोन-तीन हजार कोटेशनमध्ये लिहिलेले दिसले तर ती ओळ खोडायची. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, आपोआप नवं होतं, आणि दुकानाच्या साइटला तेवढं पुरतं.

दुकानाच्या नावाचा ईमेल हवा. दोन आयडी, महिना दीडशे प्रत्येकी, वर्षाला ३,६००.

साइट बनवण्याचे ५५,००० धरले आहेत, वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्याला जोडून चालणारी दुकानाची सोय). ही दोन्ही मोफत आहेत, मग पैसे कशाचे? मांडणीचे, मोबाइलवर नीट दिसण्याचे, पेमेंट आणि कुरिअर जोडण्याचे, दोन भाषांचे, आणि चाचणीचे. दरमहा भाडं भरून चालणाऱ्या तयार दुकान-सेवाही आहेत. त्यात सुरुवातीचा खर्च कमी, पण भाडं कायमचं, आणि सोडून जायचं ठरवलं की डिझाइन मागेच राहतं. ज्याच्याकडे साइट सांभाळायला माणूस नाही त्याला भाड्याची सेवा सोयीची. ज्याला मराठी-इंग्रजी दोन्ही आणि आपल्या मनासारखी मांडणी हवी, त्याला वर्डप्रेस.

या ५५,००० मध्ये काय आहे ते कोटेशनवर उतरवून घ्यायचं. किती पानं, डिझाइनमध्ये बदलाच्या किती फेऱ्या (दोन पुरतात, 'लागतील तेवढ्या' असं लिहून देणारा एकही नीट करत नाही), सशुल्क प्लगिन (साइटला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम) कुठले आणि त्यांची लायसन्स कुणाच्या नावावर. हा शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण बऱ्याच साइट्स इथेच पडतात. साइटवाला आपल्या एका लायसन्सवर पंचवीस जणांच्या साइट चालवतो. त्याने धंदा बंद केला की तुमच्या प्लगिनचे अपडेट थांबतात. त्याहून वाईट म्हणजे फुकट मिळवलेलं चोरीचं प्लगिन. त्यात बहुतेकदा आधीच दार उघडं ठेवलेलं असतं, आणि एके दिवशी मोबाइलवरून तुमची साइट उघडणारा माणूस जुगाराच्या पानावर पोचतो. मालकाला हे कळतच नाही, कारण तो रोज दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून बघतो आणि तिथे सगळं व्यवस्थित दिसतं.

फोटो आणि मजकूर या दोन रकान्यांवर आम्ही सगळ्यात जास्त अडून बसतो, कारण कोटेशनमध्ये ते 'क्लायंट देणार' या दोन शब्दांत उरकलेले असतात. साइटचं काम रखडतं ते ९० टक्के झाल्यावर, आणि तेव्हा चेंडू मालकाच्या कोर्टात असतो: फोटो आले नाहीत, भाव ठरले नाहीत, 'आमच्याविषयी' लिहायला वेळ नाही.

चपलेचे पाच फोटो लागतात: वरून, बाजूने, तळ, वेणीचा किंवा पट्ट्याचा जवळून, आणि पायात घातलेली. तळाचा फोटो लोक गाळतात, पण जाणकार गिऱ्हाईक आधी तळच बघतं, शिलाई तिथे कळते. करकर वाजणारी असेल तर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट. ६० डिझाइनला प्रत्येकी २५० रुपयांनी १५,००० होतात आणि ३०० फोटो मिळतात. फोटो काढताना चपलांना ताजं तेल लावायचं नाही. कातडं चमकतं, प्रकाश परततो, आणि रंग गडद येतो. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं कातडं वापराने आणि तेलाने तसंही गडद होत जातं. फोटोतला आणि हातातला रंग जुळला नाही की चप्पल परत येते, म्हणून एक ओळ वर्णनात लिहावीच: रंग कालांतराने गडद होतो. फोटोग्राफरकडून मिळालेली चार-पाच एमबीची फाइल तशीच चढवू नये. वेबपी स्वरूपात २०० केबीच्या आत आणावी, नाहीतर गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

मजकुरात ६० वर्णनं, दोन्ही भाषांत मिळून प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे ९,०००; बाकीच्या पानांचे ६,०००. एकूण १५,०००. वर्णनात काय असावं? कातडं कुठलं, तळाला थर किती, टाच किती मिलिमीटर, वजन, पहिले काही दिवस कशी घालावी, पावसात काय होतं. आणि नंबरचा तक्ता सेंटिमीटरमध्ये. कागदावर पाय ठेवून टाच ते अंगठा मोजायची रीत चित्रासह दिली की बदलाच्या तक्रारी सरळ कमी होतात. 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव लिहिताना मात्र जपून. जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणी २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी झाली आहे. जीआयचं चिन्ह आणि दावा साइटवर टाकायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. पुरवठादार कारागिराची नोंद आहे का ते आधी विचारावं.

मराठी मजकुराचा एक खास आपला खर्च आहे. दुकानाकडे जुनं छापील माहितीपत्रक असतं, प्रेसवाल्याकडून त्याची फाइल मिळते, मालक खूश होतो: मजकूर तयार आहे की! ती फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. साइटवर चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (सगळीकडे वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांत) आणता येतं, पण रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या घसरतात, त्यामुळे तपासणाऱ्याचे पैसे वेगळे धरायचे. थोडा मजकूर असेल तर नव्याने टाइप केलेलाच स्वस्त पडतो. फॉन्टसाठी पैसे देऊ नका. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे चांगले फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड असते, म्हणून दोनच वजनं घ्यावीत, साधं आणि ठळक. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला सांगावं: काही फॉन्ट त्यावरून मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही, आणि करायला पैसेही लागत नाहीत.

पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीकडचं, खातं मालकाच्या पॅनवर आणि बँक खात्यावरच उघडायचं. मंजुरीआधी ते साइट बघतात. संपर्क, परतावा, पाठवणी, गोपनीयता आणि अटी ही पानं नसली की अर्ज परत येतो. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. लहान दुकानात तो अधिकारी म्हणजे मालक स्वतः. गेटवेचा खर्च साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी: १,४०० च्या जोडामागे ३३ रुपये. गिऱ्हाइकाला पैसे परत केले तरी हे ३३ बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत.

कुरिअरचा घोळ खोक्यात असतो. वजन दोन प्रकारे मोजतात, खरं आणि आकारमानाचं, आणि जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००, बहुतेकांकडे असंच. बुटाच्या नेहमीच्या खोक्याचं ३२ × २२ × ११ म्हणजे ७,७४४. भागिले ५०००, दीड किलोच्या वर. अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकारणी असेल तर दोन किलोचे पैसे, आत चप्पल मात्र पाऊण किलोची. दोन्ही चपला समोरासमोर ठेवून ३० × १२ × ९ च्या खोक्यात बसवल्या की हाच आकडा पाऊण किलोच्या आत येतो आणि एक किलोत काम होतं. साइटवर पाठवणीचा दर ठरवायच्या आधी खोकं ठरवा. कॅश ऑन डिलिव्हरी पहिले सहा महिने बंद ठेवावी किंवा २०० रुपये आगाऊ यूपीआयने घेऊन द्यावी. दारातून परत आलेल्या पार्सलचं जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं दुकानाच्या माथी.

आता बेरीज, सीएची फी सोडून. पहिलं वर्ष: डोमेन १,९००, होस्टिंग ४,८००, ईमेल ३,६००, साइट ५५,०००, फोटो १५,०००, मजकूर १५,०००, आणि सुरुवातीच्या सहा महिन्यांची जाहिरात ५,००० प्रमाणे ३०,०००. एकूण १,२५,३००. त्यावर अडीनडीला १५ टक्के धरले की १,४४,१००. दुसरं आणि तिसरं वर्ष प्रत्येकी: डोमेन १,९००, होस्टिंग ९,६००, ईमेल ३,६००, देखभाल १०,०००, प्लगिनची लायसन्स ६,०००, २० नव्या डिझाइनचे फोटो ५,००० आणि मजकूर ३,०००, जाहिरात महिना ३,००० ने ३६,०००. वर्षाला ७५,१००. तीन वर्षांचे मिळून २,९४,३००. ज्या ५५,००० वरून मालक आठवडाभर घासाघीस करतो, ते यात पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी आहेत.

हे पैसे निघतात का? जोडाची किंमत १,४००, ५ टक्के जीएसटी आत धरून. कर वजा जाता १,३३३. बनवण्याचा खर्च ८५० धरला तर ४८३ उरतात. त्यातून गेटवे ३३, कुरिअर सरासरी १२०, खोकं आणि पॅकिंग ३५. शंभरात दहा जोड नंबरासाठी बदलून जातील असं धरलं तर येण्या-जाण्याच्या भाड्याचे जोडामागे आणखी २४. हातात २७१. दुसऱ्या वर्षाचा खर्च भरून काढायला २७८ जोड लागतात, महिन्याला २३ च्या वर. तिन्ही वर्षांचा धरला तर १,०८६ जोड, महिन्याला ३०. आणि हे जोड साइटमुळे वाढलेले हवेत. रोज दुकानात येणाऱ्यालाच साइटवरून घ्यायला लावलं तर तो खर्चच झाला. साइट बघून व्हॉट्सअ‍ॅपवर केलेली किंवा प्रत्यक्ष दुकानात आलेली खरेदी मात्र साइटच्या खात्यावर मोजावी, त्यासाठी काउंटरवर "कुठून कळलं" एवढं विचारायची सवय लावावी लागते. महिना ३० चा आकडा झेपणार नाही असं वाटलं तर ऑनलाइन पेमेंटच्या भानगडीत न पडता कॅटलॉग आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण असलेली साइट करावी. तीत गेटवे नाही, स्टॉकच्या ७२० नोंदी नाहीत, २०-२५ हजारांत होते.

पैसे देताना हप्ते कामाला बांधायचे: ३० टक्के आगाऊ, ३० डिझाइन पसंत पडल्यावर, ३० चाचणीची खरी ऑर्डर लागून पैसे बँकेत जमा झाल्यावर, आणि १० टक्के साइट महिनाभर चालल्यानंतर. शेवटच्या हप्त्याआधी ताब्यात घ्यायच्या चाव्या म्हणजे डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेसचं मुख्य लॉगिन, गेटवे, गूगल अ‍ॅनालिटिक्स, सर्च कन्सोल आणि गूगल मॅपवरची दुकानाची नोंद. यादी घेऊन भागत नाही, प्रत्येक ठिकाणी स्वतः लॉगिन करून पासवर्ड बदलायचा. मॅपवरची नोंद फुकट असते. तिचे पैसे कुणी मागितले तर ते माहिती भरण्याच्या मेहनतीचे आहेत एवढं समजून द्यावेत किंवा देऊ नयेत.

चाचणीत संपर्काचा फॉर्म भरून बघायचा, आणि तोही बाहेरच्या ईमेलवरून. साइट आपल्या सर्व्हरवरून परस्पर मेल टाकते तेव्हा तो स्पॅममध्ये जातो किंवा पोचतच नाही. डोमेनच्या नोंदीत एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आल्याची खूण) लावून, एसएमटीपीने (ईमेल खात्यात लॉगिन करून) मेल पाठवायला सांगितलं की हे सुटतं, काम तासाभराचं. नाही सांगितलं तर चौकश्या येत राहतात, मालकापर्यंत पोचत नाहीत, आणि तो म्हणतो, साइटचा उपयोग काहीच नाही.

वेळेचं गणितही पैशाचंच आहे. साइटला दोन महिने, फोटो-मजकुराला त्यातच धरून, आणि गेटवेच्या मंजुरीला थोडे दिवस. दसरा-दिवाळीचा धंदा धरायचा तर जूनमध्ये कागद लिहून हवा. ऑगस्टमध्ये आलेल्या माणसाला "नवरात्राच्या आधी देतो" म्हणणारे भेटतात, घाईचे जादा पैसे घेऊन, आणि मग पावसात पॉलिश न बसलेल्या चपलांचे घाईत काढलेले फोटो वर्षभर साइटवर राहतात.

पैसे कमी पडले तर आधी डिझाइन कापावीत: ६० ऐवजी २५ चालणारी घेतली की फोटो आणि वर्णनं मिळून १४,००० वाचतात आणि स्टॉकच्या नोंदी ३०० वर येतात. मग घरंगळणाऱ्या चित्रांची पट्टी, चॅटबॉट, मोबाइल अ‍ॅप, गिऱ्हाइकासाठी वेगळं लॉगिन, हे सगळं पहिल्या वर्षी काढून टाकावं. जाहिरात सहाऐवजी तीन महिन्यांवर आणता येते. बॅकअप, स्वतःच्या नावावरचं डोमेन, तळाचा फोटो आणि नंबरचा तक्ता यांना हात लावू नये. इंग्रजी मजकूर मागे ठेवून आधी मराठी सुरू करायला हरकत नाही, पण चपला बंगळूरला विकायच्या असतील तर उलटा क्रम धरावा.